टोमॅटोवरची कीड आणि माझी नणंद

आमच्या रेडिओ केंद्रातल्या जुन्या टेपा संगणकावर उतरवायचं काम माझ्याकडे आहे. टेपचं मशीन संगणकाला जोडणारी वायर बिघडली. नवी मागून मागून माझी जीभ झिजली, शेवटी वैतागून मी स्पीकरसमोर माइक ठेवला आणि कामाला लागले. टेप वाजत असताना खोलीत चिडीचूप राहायचं, एवढंच पथ्य. टोमॅटोवरच्या किडीचं भाषण लागलं, तेव्हा बहिणीचा फोन आला आणि पथ्य मोडलं. आमच्याकडे मुक्कामाला आलेल्या नणंदेबद्दल मी मनसोक्त बोलले.

चूक कळेपर्यंत मूळ टेप बुरशीने गेली होती. उतरवलेलं पुसताही येईना, कारण एकदा जतन झालेलं कुणीही पुसायचं नाही, हा नियम साहेबांशी भांडून मीच करून घेतला होता. आता त्याच्या प्रती तीन शहरांत सुखरूप आहेत आणि कुणीही ऐकू शकतं.

त्यात तज्ज्ञ सांगतात, "ही कीड एकदा आली की हलत नाही."

मी म्हणते, "महिना झाला गं!"

"हळूहळू सगळं झाड पोखरते."

"डोकं खाते नुसती!"

काल नणंदेने ते मोबाइलवर ऐकलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. ती मात्र हसून हसून लोटपोट झाली.

"वहिनी, जुन्या कार्यक्रमांची मजाच वेगळी! पण त्या बाईची नणंद कसली चिवट गं! असे अजून किती आहेत? सगळे ऐकूनच जाईन म्हणते."