अकरा सेकंद

प्रोग्रामच्या एका ओळीत 'ईगर' लिहिलेलं होतं, ते खोडून मी 'लेझी' लिहिलं. एवढंच केलं मी. कुणी म्हणेल, बाई, एवढ्यावरून कुणी स्वतःला असं खातं का. मी खाते.

वृद्धाश्रमांसाठी लागणारं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीत बनतं, आणि माझे बाबा ते वापरणाऱ्याच एका वृद्धाश्रमात होते. तिथल्या काउंटरवरच्या ताई रोज सकाळी रहिवाशांची यादी उघडायच्या. ती उघडायला अकरा सेकंद लागायचे. "तुमची यादी येईपर्यंत माझा चहा पिऊन होतो," असं त्या मला फोन करून करून ऐकवायच्या. कामात कुणी खोट काढलेली मला खपत नाही, हा बाबांचाच गुण.

दोष लगेच सापडला. 'ईगर'मुळे एक माणूस मागितला की प्रोग्राम त्याच्याशी जोडलेलं सगळं डेटाबेसमधून ओढून आणत होता. औषधं, भेटी, नातेवाइकांसाठी ठेवलेले निरोप. ऐंशी माणसं आणि प्रत्येकाचं वर्षानुवर्षांचं बाड. 'लेझी' केलं की नुसतं नाव येतं, बाकीचं कुणी मागेल तेव्हाच. पण यादीत निरोपांचा एक रकाना होता. तो तसाच ठेवला तर प्रत्येक नावासाठी डेटाबेसकडे वेगळी फेरी झाली असती, म्हणून मी तो रकानाच काढून टाकला आणि आतल्या पानावर 'निरोप' असं बटण ठेवलं. दाबलं की निरोप दिसणार. किती निरोप आलेत याचा आकडा यादीत द्यायला हवा होता, हे मला तेव्हाही कळत होतं. वहीत लिहूनही ठेवलं, 'आकडा पुढच्या खेपेला'. यादी चुटकीसरशी उघडायला लागली. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि मी दिवसभर हवेत होते.

त्याच आठवड्यात बाबांशी माझं वाजलं.

बाबांनी उभा जन्म पंपांच्या जळालेल्या मोटारी पुन्हा गुंडाळण्यात घालवला. तांब्याची तार गुंडाळायचं, हाताने फिरवायचं त्यांचं एक यंत्र होतं. घर रिकामं करताना ते मी भंगारात दिलं, त्यांना न विचारता. कळल्यावर म्हातारा उठून उभा राहिला.

"माझा हात तोडून दिलास," म्हणाले. "पुन्हा तोंड दाखवू नकोस."

मीही त्यांचीच मुलगी. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ओरडून बोलायची सवय होतीच, त्यात राग. "नाही दाखवत. तुम्ही बोलावल्याशिवाय पाऊल टाकणार नाही इथे." अख्ख्या मजल्याने ऐकलं असणार.

असं आमचं आधीही झालं होतं. दोन दिवस ते फुगून बसायचे, मग निरोप यायचा. फोनवर त्यांना काही ऐकू यायचं नाही, म्हणून ते सिस्टरला सांगायचे, सिस्टर कॉम्प्युटरवर टाकायची आणि ताई यादीत बघून मला कळवायच्या, "मोजे आणायला सांगितलेत हो." मोजे मागितले की भांडण मिटलं असं समजायचं. या वेळी आठवडा गेला, फोन नाही. दुसरा गेला. मी घरात भांडी आपटत होते. मोजे आणूनसुद्धा ठेवले होते.

"जाऊन ये ना, तुझं काय जातंय?" नवरा म्हणाला.

"त्यांनी बोलवू दे," मी म्हटलं. जेवताना फोन ताटाशेजारी उलटा ठेवायचे, वाट बघत नाही असं दाखवायला.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी सातला ताईंचा नंबर दिसला. खरं सांगते, मला हसू आलं. हरला म्हातारा, म्हटलं. फोन उचलून मीच आधी बोलले, "काय, मोजे हवेत का?"

ताई म्हणाल्या, "या तुम्ही. बाबा गेले हो. झोपेतच."

मी पोचले तेव्हा सिस्टर त्यांची चादर सारखी करत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "रोज विचारायचे, आली का म्हणून. रोज निरोप टाकला मी. एकदा तरी यायला हवं होतं तुम्ही."

"कुठला निरोप?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं.

खाली ताई रडत होत्या. "यादीत निरोप दिसायचेच बंद झाले. मला वाटलं, हल्ली कुणी ठेवत नाही. बाकीच्यांची माणसं दर आठवड्याला येतात, त्यांचं तोंडीच होऊन जातं."

"आणि ते बटण?"

"ते सिस्टर लोकांचं असेल म्हटलं. लिहायचं."

बदल कळवणाऱ्या मेलमध्ये बटणाबद्दल मी अर्धी ओळ लिहिली होती, पार तळाशी. मला कुणी तसा मेल पाठवला असता तर मीही वाचला नसता.

मी ताईंच्या खुर्चीत बसले, बाबांचं पान उघडलं आणि बटण दाबलं. सतरा निरोप होते. सिस्टरने बाबांचे शब्द होते तसे टाकले होते. बाबा मला ठमी म्हणायचे.

'ठमीला सांगा, मोजे हवेत.'

'मोजे राहू दे. नुसती ये म्हणावं.'

'यंत्र गंजलंच होतं. ठेवून तरी काय करणार होतो मी.'

'आली नाही का? पुन्हा टाका.'

'बोलावल्याशिवाय येणार नाही म्हणाली होती. तर मी बोलावतोय असं नीट सांगा.'

हा पाचवा. यापुढचे अकरा निरोप याच अर्थाचे होते. शेवटचा आदल्या संध्याकाळचा.

'आता टाकू नका. कामात असेल पोरगी. इतके निरोप बघून उगाच वाईट वाटेल तिला.'

ताई पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "कॉम्प्युटरचं काय खरं असतं?" मी त्यांना सांगितलं की कॉम्प्युटरने काही केलं नाही, मी केलं. त्यांना पटलं नाही. वर सिस्टरला मात्र मी काहीच सांगितलं नाही. ती मला दगड समजली, तर समजू दे असं वाटलं.

कामावर परतल्यावर पहिल्यांदा मी तो रकाना परत आणला आणि 'लेझी' खोडून 'ईगर' लिहिलं. साहेब म्हणाले, "अगं, नुसता आकडा दे की, सगळी यादी कशाला मंद करतेस?" त्यांचं बरोबर होतं. मी ऐकलं नाही.

पुढच्या आठवड्यात ताईंचा फोन आला. अकरा सेकंदांबद्दल चकार शब्द नाही. "बाबांचं नाव यादीतून काढायचंय," त्या चाचरत म्हणाल्या. "पण निरोपांपुढे 'कळवलं' अशी खूण केल्याशिवाय ते निघत नाही. करू का?"

तो नियमही मीच घातला होता, कुणाचा निरोप राहून जाऊ नये म्हणून.

"करा," मी म्हटलं.

प्रत्येक निरोपावर वेगळी खूण करावी लागते. मी फोन कानाला धरून बसले आणि ताई एकेक मोजत गेल्या. सतरा झाल्यावर म्हणाल्या, "झालं. सगळे कळवले."

"हो," मी म्हटलं. "मोजे आणलेत मी."