साद आणि जेबाचा रिपोर्ट

फारूकनं पेढ्याच्या डब्याची दोरी तोडली आणि पहिला पेढा बहिणीपुढं धरला.

“तोंड उघड, आपा. ईदनंतरच्या पहिल्या जुम्म्याला निकाह.”

रजियानं तोंड उघडलं नाही. धाकटा भाऊ नायगावाहून सकाळच्या बसनं कंधारला आला होता, नवा सदरा घालून. रजियाची थोरली जेबा जन्मली त्याच दिवशी त्यानं तिच्या मुठीत चांदीचा रुपया ठेवून तिला आपल्या लेकासाठी, सादसाठी मागितलं होतं. घराण्याची रीतच ती. असा शब्द फिरवला की नातं तुटलंच म्हणायचं. रजियाचंही लग्न असंच पाळण्यात ठरलेलं, सख्ख्या मामेभावाशी.

त्या लग्नाची धाकटी लेक अर्शी भिंतीकडं तोंड करून खाटेवर पडली होती. दहा वर्षांची पोर, हातपाय काड्या अन् पोट डेऱ्याएवढं. ताईत झाले, झाडपाला झाला, वर्षभर क्षयाच्या गोळ्याही झाल्या. शेवटी नांदेडच्या डॉक्टरणीनं आजाराचं नाव सांगितलं, गौचर. चरबी मोडणारा एक रस अर्शीच्या अंगात जन्मापासूनच पुरेसा नाही, म्हणून ती चरबी पोटातल्या पाणथरीत अन् हाडांत साचत जाते. आई आणि बाप, दोघांकडूनही खोट आली तरच हे होतं. औषध आहे, दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून, जन्मभर. त्याचा अर्ज सहा महिन्यांपासून सरकारदरबारी पडून होता.

डॉक्टरणीच्या सांगण्यावरून साद आणि जेबानंही रक्त तपासायला दिलं होतं. रजियानं कपाटातून तो रिपोर्ट काढला.

“दोघांतही तीच खोट हाय, फारूक. दर बाळंतपणाला चारांत एकाची भीती.”

“म्हणजे तीन चांगली की!” फारूक हसला. मग बहिणीचा चेहरा पाहून त्याचं हसू मावळलं. “कागदावर भरोसा, अल्लावर न्हाई? का दुसरीकडं बडं घर भेटलं?”

रजियाच्या डोक्यात तिडीक गेली.

“जीभ आवर.”

“मग? अर्शी जगून न्हाई राहिली का? एवढी जड झाली तुला पोरगी?”

“आणखी एक अर्शी न्हाई बघवायची मला!”

बोलून गेली आणि तिचा हात तोंडावर गेला.

फारूकनं डबा तिथंच टाकला. “आजपासून मला बहीण न्हाई,” उंबऱ्यात एवढंच म्हणाला आणि गेला.

खाट करकरली. अर्शी जागी होती. रजिया तिच्याजवळ जाऊन बसली. पोरीचे गुडघे चेपू लागली.

“तू नकोशी न्हाईस गं, बच्ची. तसं न्हाई म्हणाले मी.”

“ठाऊक हाय.” अर्शीनं आईचा हात दुखऱ्या मांडीवर सरकवला. “मामूला न्हाई म्हणालीस ते बरं केलंस, अम्मी. लई दुखतं.”