धोंडुबाईची गोळ्यांची डबी

मी एक जुनी पितळी डबी आहे, मित्रांनो, आणि मला अजून राग येतो.

सांगलीच्या एका तांबटाने मला घडवले. बिराप्पा धनगराने तंबाखूसाठी मला विकत घेतले. त्याच्या कमरेला बसून मी मेंढरांमागे कवठे महांकाळचे सारे माळ पाहिले. तो गेल्यावर त्याच्या बायकोने, धोंडुबाईने, मला घासूनपुसून कोनाड्यात ठेवले.

पुढे धोंडुबाईची मूत्रपिंडे निकामी झाली. मिरजेच्या डॉक्टर उत्कर्षाताईंनी तिच्या पोटात नळी बसवली. त्या नळीतून ती घरीच पोटात औषधी पाणी भरते आणि शरीरातली घाण घेऊन आलेले पाणी बाहेर काढते. पण डॉक्टरांनी बजावले होते, "मावशी, अन्नातलं फॉस्फेट नावाचं क्षार या पाण्यानं पुरतं निघत नाही. ते साठलं की अंग खाजतं, हाडं ठिसूळ होतात. म्हणून ही गोळी जेवतानाच घ्यायची. दूध-खव्यात ते फार असतं, म्हणून तेही बेतानं."

त्या गोळ्या माझ्यात आल्या. पुन्हा कामाला लागले म्हणून मी केवढी हरखले होते!

पण तिचा मुलगा तानाजी म्हणाला, "आय, पोटातलं पाणी समदं साफ करतंय की. ह्या गोळ्या कशाला? त्यापरीस दूध पी, ताकद यील." त्याने मला फळीवर ढकलले आणि आईपुढे दुधाचा भरलेला पेला ठेवला. माया होती हो त्याची, पण ऐकून घेण्याची तयारी नव्हती!

धोंडुबाईचे अंग खाजू लागले. खाजवून खाजवून रक्त निघाले. वाडीत कुजबुज सुरू झाली, "खरूज हाय." आणि सून मंगलने सासूचे ताट उंबऱ्याबाहेर मांडले. ज्या बाईने या घराला खाऊ घातले, तिला उंबऱ्याबाहेर! मी फळीवर नुसती जळत होते.

मिरजेच्या तपासणीत फॉस्फेट फार वाढलेले निघाले, हे मला मागाहून कळले. डॉक्टरांनी विचारले, "गोळ्या घेता ना?" तानाजीने कबूल केले, "म्याच बंद केल्या."

घरी येताच धोंडुबाईने मला फळीवरून काढले. पाहुणे जेवत होते. ती सरळ पंगतीत येऊन बसली. मंगल म्हणाली, "आत्या, तुमचं ताट भाईर..."

"भाईर न्हाई बसायची मी! ही खरूज न्हाई. रक्तात साठलेलं खाजतंय, कुणाला लागत न्हाई. वाढ हितंच."

तानाजी उठला, त्याने स्वतः भाकरी वाढली आणि आईसाठी भरून ठेवलेला दुधाचा पेला उचलून नेला. धोंडुबाईने माझे झाकण उघडले व घासाबरोबर गोळी घेतली.

हळूहळू खाज ओसरली. मित्रांनो, आजाऱ्याचे औषध तुमच्या समजुतीने बंद करू नका. शंका आली तर डॉक्टरांना विचारा. आणि विचारल्यावाचून कुणाचे ताट वेगळे मांडू नका. मंगल आता सासूला आपल्या शेजारी बसवून वाढते. पण ताट पुढे आले, की धोंडुबाई अजूनही आधी उंबऱ्याकडे बघते.