हळदीवर गोळीबार

निकेतने पहिला गेम काढला तेव्हा उरणपासून पनवेलपर्यंतच्या पोरांनी आपल्या आयांचे फोन बडवून काढले होते. गेमचं नाव 'खारबांध'. डोक्यावर मिठाची टोपली घेतलेला एक माणूस मिठागराच्या या बांधावरून त्या बांधावर उड्या मारत जायचा, आणि पाय चुकला की धपकन पाण्यात. हा माणूस म्हणजे निकेतचा बाप धर्मा. मिशा त्याच्याच आणि पोटऱ्याही त्याच्याच. हे कळल्यापासून धर्मा गावातून जरा छाती काढून चालू लागला, पण त्यात कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते दुसऱ्या भागात. नवी मुंबईच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, "उड्या बस झाल्या, निकेत. पब्लिकला आता ठो-ठो पाहिजे." साहेबापुढे शहाणपण चालत नाही. धर्माच्या डोक्यावरची टोपली गेली आणि हातात बंदूक आली. घरात उंदीर निघाला तर शेजाऱ्याला हाका मारणारा माणूस, तो आता धडाधड गोळ्या झाडू लागला. पण गोळ्या झाडायच्या तर समोर मरायला कुणीतरी हवं, आणि एवढे शत्रू आणायचे कुठून? निकेत आळशी नव्हता, त्याला घाई होती. आणि घाईतला माणूस आळशापेक्षा मोठा घोळ घालतो.

त्याने दोन वर्षांपूर्वीचा, बहिणीच्या हळदीचा व्हिडिओ उघडला. वरून ड्रोनने काढलेला. बेंजोच्या तालावर, हात वर करून, डोळे तांबारलेला अख्खा गाव आणि सगळे सोयरे मांडवातून कॅमेऱ्यावर चाल करून येत होते. याहून चांगले शत्रू शोधूनही सापडले नसते. निकेतने तो घोळका जसाच्या तसा संगणकात ओतला, कपडे काळे केले, चेहरे पुसट केले आणि प्रत्येकाच्या हातात एकेक कोयता दिला. आता कुणाच्या बापाला ओळखू येणार, असं त्याला वाटलं. अरे शहाण्या, हळदीत नाचणारा माणूस कधी चेहऱ्यावरून ओळखतात का? तो ओळखतात कमरेच्या झोक्यावरून!

गेम आला आणि त्याच रविवारी गावकी बसली. निकेत देवळापुढे गेला तो मार खायच्या तयारीनेच. आई ठमी मागे उभी राहिली, कारण मार चुकवायला नाही तरी मोजायला कुणीतरी आपलं हवं.

शिवदास पाटलांनी घसा खाकरला. "निकेत, आपले गावान होलीला पयला नारल कोनाचा?"

"तुमचा, काका."

"मंग पयली गोली त्या सदाला कशी?"

मागच्या रांगेत बसलेल्या सदाने कॉलर ताठ केली. गेल्या दोन दिवसांत तो गावभर सांगत फिरला होता की धर्मादादाने बंदूक उचलली ती आधी माझ्यासाठी. एवढ्यात दुसरीकडून एक म्हातारा उठला. "पाटलाचं र्‍हाऊ दे! आमचे घरातला एक पन मानूस मारला न्हाय. आमी काय गावान र्‍हात न्हाय? आमाला आवतान न्हाय?"

निकेतने ओठ चावून हसू दाबलं. पहिली गोळी पाटलांना, त्यानंतर मानाप्रमाणे, आणि घरटी एक तरी माणूस मरेल, असा शब्द त्याने सगळ्यांदेखत दिला. गावकी समाधानाने उठली, नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. निकेतला वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

खोकला गेला नव्हता. संध्याकाळी शिवानीचा फोन आला. शिवानी मांडव्याच्या बाजूची. सहा महिन्यांपूर्वी लग्न ठरलं होतं आणि निकेतला तेव्हापासून दुसरं काही सुचत नव्हतं. ही पोरगी मिळाली नाही तर आपलं काही खरं नाही, हे त्याने आईलासुद्धा उघड सांगून टाकलं होतं.

"बाबा लग्न मोडायचं म्हणतात," शिवानी म्हणाली. "त्यांनी तुझा गेम बघितला. त्या हळदीत ते पण नाचले होते ना!"

हळदीच्या दिवशी निकेत सकाळपासून पंगतीत वाढत होता. कोण आलं आणि कोण नाचलं, याचा त्याला पत्ताच नव्हता. शिवानीचे वडील येसाजी हे धर्माचे लांबचे सोयरे, बंदराला ट्रेलर लावणारे मोठी असामी. त्यांना जावयाने पहिल्याच फेरीत लोळवलं होतं.

दुसऱ्या दिवशी धर्मा, ठमी आणि निकेत येसाजींच्या घरी जाऊन बसले. येसाजी फोन हातात फिरवत होते आणि कुणाकडे बघत नव्हते.

"याही, झालं तरी काय?" ठमीने व्याह्यांना विचारलं.

"माझे पोरीचे सासरचे मना एके गोलीन मारतात. तो शिवदास पाटील पाच गोल्या खाऊन मरतो."

"तुमी पन पाच घ्या."

"न्हाय."

"धा घ्या."

"न्हाय."

ठमीने पदर खोचला. ती बाजारात असाच खोचते. "बरा, पंधरा. याचेवर तं देव पन खात न्हाय!"

"न्हाय म्हंजे न्हाय."

"त्यापरास मनाच मारा," धर्मा कळवळून म्हणाला. गेममधली बंदूक त्याच्याच हातात होती, हे त्याच्या लक्षात आलं नसावं.

शिवानी चहा घेऊन बाहेर आली. तिने ट्रे खाली ठेवला. "मावशी, शंभर दिल्या तरी बाबा न्हायच बोलतील. त्यांचं स्वतःसाठी काही म्हणणं नाही." तिने वडिलांच्या हातातला फोन घेतला, ती फेरी लावली, मध्येच थांबवली आणि निकेतसमोर धरली. "बाबांच्या बाजूला कोण आहे बघ."

बाजूला एक बाई होती. एक हात कमरेवर, दुसरा वर, मान वळलेली. निकेतने गेम पुढे सरकवला. बाई दोन पावलं पुढे यायची आणि मुरका मारून एक पाऊल मागे जायची. हातात तिच्या रुमाल असणार. निकेतने त्या जागी कोयता दिला होता.

"ती आई आहे," शिवानी म्हणाली.

निकेतने भिंतीकडे पाहिलं. हार घातलेल्या त्या फोटोला तो येताजाता नमस्कार करायचा. शिवानीची आई कमळ त्या हळदीनंतर वर्षाच्या आतच गेली होती. तिला त्याने कधी पाहिलंच नव्हतं. फोटोत ती अवघडून बसली होती, आणि इथे कशी बेभान नाचत होती.

"मी मेलू तं मेलू," येसाजी म्हणाले. "तिला एकदा मरताना बगली हाय मी. परत कशाला दाखवतंस?"

निकेतला इतकी लाज वाटली की चहाकडे हात जाईना. "चुकलं माझं, काका. मी आजच काढून टाकतो त्यांना."

येसाजी ताडकन उठले. "काढून टाकतंस? काढून तं बग! पोरगी न्हाय देनार!"

"मग काय करू?"

"नाचू दे तिला."

"पण ती नाचत जवळ आली की खेळणारा हरतो, काका."

"हरू दे. मी तिचेपुढं कदी जिंकलू?"

ठमीने डोळ्यांना पदर लावला, आणि मग त्याच पदराने घाम पुसल्यासारखं केलं. लग्नाची तारीख तिथेच पक्की झाली.

निकेतने कोयता काढून रुमाल दिला आणि तिला गोळी लागणार नाही, अशी सोय केली. आठवड्याभरात ऑफिसातून फोन आला. तक्रारींचा पूर आला होता; एक बाई काही केल्या मरत नव्हती, नाचत नाचत येऊन भल्याभल्यांना हरवत होती. साहेब मात्र खूश होते. "काय व्हिलन काढलीस रे! आहे तरी कोण ही?"

"सासू आहे माझी."

"मग बरोबर," साहेब म्हणाले.

येसाजी रोज संध्याकाळी ओटीवर बसून खेळतात. नेम चांगला आहे त्यांचा. पाटलांना टिपतात, सदाला टिपतात, स्वतःलाही सोडत नाहीत. मग ती दिसली की दोन्ही अंगठे उचलून घेतात. ती कमरेवर हात ठेवून, रुमाल हलवत, अगदी समोर येते. हरल्याची पाटी आली की येसाजी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.