माणूस वाचणार की मशीन

धाकटीने ऑफिसातल्या टेबलावर ठेवलेल्या सलाइनच्या पंपातली बाटली मुद्दाम रिकामी होऊ दिली. पडद्यावर 'औषध संपले' अशी ठसठशीत पाटी आली. आता भोंगा वाजायला हवा होता. भोंगा ढिम्म.

हाच प्रोग्राम सकाळी ताईच्या वॉर्डातल्या पंपांत बसला होता. ताई तिथे नर्स, आणि तिनेच लकडा लावला होता, "धावपळीत पंपावरचं परक्या भाषेतलं डोक्यात शिरत नाही गं, आपल्या भाषेत कर."

काम तसं हमालीचं. एक टूल प्रोग्रामच्या कोडमधले अवतरणचिन्हांतले सगळे शब्द वेचून पडद्यावर मांडायचं. प्रत्येक शब्दाबाबत एकच प्रश्न विचारायचा: हा माणूस वाचणार की मशीन? माणूस वाचणार असेल तरच भाषांतराला पाठवायचा. धाकटीने अर्ध्यापर्यंत इमानेइतबारे विचारला. मग कंटाळली आणि 'सगळे निवडा' दाबून मोकळी झाली. त्यात, जो आला की मशीन भोंगा वाजवतं, तो इशाऱ्याचा शब्दही भाषांतराला गेला. पडद्याचं काय, मिळेल ते दाखवायचं. भोंगा मात्र जुन्याच, परक्या भाषेतल्या शब्दाची वाट बघत बसला होता.

तिने वॉर्डात फोन लावला. कुणी उचलेना. पुन्हा लावला.

"ताई, भोंगे वाजणार नाहीत. सगळ्या बाटल्या डोळ्यांनी बघ. आत्ता."

"काय करून ठेवलंस तू?"

"माझी चूक झाली. आधी जा."

पलीकडे रिसीव्हर टेबलावर आपटला. घाईची पावलं, खाटेभोवतीचा पडदा सरकवल्याचा आवाज, मग ताईचा आवाज, "डॉक्टरांना बोलवा." इकडे धाकटीचं बोलणं ऐकून तिचे साहेब केबिनमधून आले आणि फोन ठेवायची खूण करू लागले. रुग्णालयाला काही कळवायचं तर आधी त्यांना विचारायचं, असा त्यांचा खाक्या. धाकटीने त्यांच्याकडे सरळ पाठ फिरवली.

बऱ्याच वेळाने ताई फोनवर आली. तिला धाप लागली होती.

"कोपऱ्यातल्या आजोबांची बाटली संपली होती. रक्तदाब पार खाली गेला होता. आता येतोय वर. वाचतील म्हणतात."

धाकटीला रडू फुटलं.

"जुना प्रोग्राम परत टाक," ताई म्हणाली. मग हळू आवाजात म्हणाली, "पाटी होती गं पडद्यावर. अगदी स्वच्छ, आपल्या भाषेत. मी पलीकडच्या खाटेपाशी होते."