बोललेलं संकट येत नाही

मी लिफ्ट तपासतो आणि जिन्याने जातो. ऑफिसात माझं नाव 'जिनेवाला' पडलंय. वर मशीनच्या खोलीत दोर, ब्रेक सगळं डोळ्यांत तेल घालून बघतो. आत बसून बघायचं काम मात्र जोडीदाराच्या गळ्यात मारतो आणि नऊ मजले धापा टाकत उतरतो. पोटऱ्या पैलवानासारख्या झाल्यात, एवढीच काय ती कमाई. शेवटी साहेब वैतागले. "सोमवारी स्वतः आत बस, नाहीतर तुला गोदामात टाकतो."

हे दुखणं घरचंच आहे. आमच्याकडे बाहेर पडताना दारात उभं राहून आज काय वाईट होऊ शकेल ते मोठ्याने बोलायचं असतं. बोललेलं संकट येत नाही, अशी आईची खात्री. सहलीला निघताना इतर मुलांना खाऊ मिळायचा, मला "समजा, बस उलटली" मिळायचं. आता मी मोठा झालोय. बस माझी मीच उलटवतो.

सोमवारच्या आधी मी एका समुपदेशक बाईंची वेळ घेतली. आईही आली, कारण समजा मला जिन्यात चक्कर आली तर! बाईंचा चौथा मजला, अर्थात जिन्याने. मी घामाघूम, आई ठणठणीत.

बाईंनी सगळं ऐकलं आणि आईला विचारलं, "आणि चांगलं काही मनात आलं तर?"

"ते बोलायचं नाही. बोललं की होत नाही."

मला हसू आलं, मग मी आईकडे वळलो. "माझ्याबद्दल आलं होतं का गं कधी, काही चांगलं?"

"रोज येतं," आई म्हणाली. "म्हणून तर तोंड शिवून बसलेय इतकी वर्षं."

एवढा मोठा घोडा मी, बाईंसमोर हमसून हमसून रडलो. फार वाईट वाटलं, आणि फार बरंही.

बाहेर आल्यावर मी सवयीने जिन्याकडे वळलो. आईने लिफ्टचं बटण दाबलं. आत जाऊन तिने पायाने दार अडवलं, जे कुणीही करू नये असं मी सगळ्यांना बजावत फिरतो.

"समजा..." ती म्हणाली. माझ्या डोक्यात दोर तुटायला लागलाच होता.

"समजा, आपण नीट खाली पोचलो."

तिचा आवाज कापत होता. तिच्या समजुतीप्रमाणे तिने आत्ताच आमचा दोर कापला होता.

मी आत गेलो.