रांजीण पक्ष्याची उशी

मी एक जुनी उशी आहे, मित्रांनो; पण डोक्याखालची नव्हे, गुडघ्यांखालची. इंग्लंडच्या उत्तरेला, विदरली नावाच्या ओलसर दगडी गावात सेंट ऑस्विनचं चर्च आहे. तिथल्या शेवटच्या बाकाला, पितळी आकड्यावर मी टांगलेली असते.

मला ईडिथ नावाच्या बाईने एका हिवाळ्यात सुई-लोकरीने भरलं. निळ्या लोकरीवर रांजीण नावाचं इवलंसं तपकिरी पाखरू. लोकर ऐन वेळी संपली आणि पाखराचा एक पाय राहूनच गेला. तरी ज्या दिवशी मला आकड्यावर लावलं, त्या दिवशी सगळ्या बायका कौतुकाने वाकून बघून गेल्या. तेव्हा लोक प्रार्थनेला खरोखर माझ्यावर गुडघे टेकायचे. माझ्या पोटातला भुसा त्यांच्या भाराने दबायचा, आणि मला धन्य वाटायचं.

मग दिवस पालटले. आता माणसं बाकावरच बसून राहतात, जरा पुढे वाकतात, कपाळाला हात लावतात, झाली प्रार्थना. माझ्यावर धूळ साठली. कुणी तर मला दार अडवायलाही वापरलं.

आणि अचानक शेवटचा बाक भरू लागला! तरुण आईबाप, कडेवर पोरं. मी हरखले नाही. मला कारण ठाऊक होतं. चर्चच्या आवारातच चर्चची शाळा आहे. पंचक्रोशीत तिच्यासारखी शाळा नाही. जागा मूठभर, मागणारे गावभर. त्यात नेमाने प्रार्थनेला येणाऱ्या घरातल्या मुलांना आधी घेतात. कोण नेमाने येतं, हे फादर सांगणार. पण फादर टोबायस गावात नवे. ते विचारणार नोरीनबाईंना.

नोरीनबाई म्हणजे चर्चची सगळी व्यवस्था पाहणाऱ्या. नजर अशी, की मेणबत्ती वाकडी झाली तरी आधी त्यांना कळायचं. त्या दाराशी उभ्या राहून प्रत्येकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळायच्या.

"देवाला भेटायला आलेत की शाळेला?" त्या कुजबुजायच्या. खरं सांगते, माझ्याही मनात तेच असायचं. संशय हा ओलीसारखा असतो. एका भिंतीला लागला की दुसरीत उतरतो.

त्या गर्दीत लियान होती. तिची मुलगी मेझी चार वर्षांची. लियान पहिल्या दिवसापासून माझ्यावर दोन्ही गुडघे टेकायची, पूर्ण भार टाकून. मला वाटलं, ही सगळ्यांत पक्की नाटकी! नोरीनबाईंना तर खात्रीच होती, कारण लियान चहाला थांबत नसे.

इथे प्रार्थनेनंतर मागच्या खोलीत चहा असतो. बेचव बिस्किटं आणि गावच्या बातम्या. प्रार्थना एखाद्याची चुकली तर चालतं. चहा चुकला की माणूस परका.

"प्रार्थना संपली की पसार," नोरीनबाई चहाची किटली आपटत म्हणाल्या. "पत्ता तरी खरा आहे का हिचा? पडद्यांवरून तर घर कुणी राहत असल्यासारखं दिसत नाही."

"तुम्ही पडदे बघायला गेला होतात?" फादरनी विचारलं.

"सहज जाता जाता बघितले."

मित्रांनो, मग एका मंगळवारी दुपारी चर्चमध्ये चिटपाखरू नव्हतं. दार करकरलं, लियान आली. बघायला कुणी नसताना तिने मला काढलं, अंगावरची धूळ झटकली आणि गुडघे टेकले.

"देवा," ती पुटपुटली, "पोरीला ही शाळा मिळू दे. रस्ता ओलांडला की दार. दुसऱ्या शाळेला दोन बसा बदलाव्या लागतात. मग इस्पितळाच्या धोबीखान्यातली सकाळची पाळी सुटेल. रविवारी मी बस पकडायला पळते, ते तू बघतोसच."

मागणं होतं, पण नाटक नव्हतं. देवाकडे मागायला आलेला माणूस खोटा कसा? अडल्याखेरीज कोण त्याचं दार ठोठावतं? पण मी पडले उशी. मला तोंड नाही.

नोरीनबाईंनी फादरना सांगितलं, "ती काही आपल्यातली नव्हे." एप्रिलात निकाल लागला. मेझीला जागा मिळाली नाही.

पुढच्या रविवारी शेवटचा बाक ओस पडला. ज्यांना जागा मिळाली ते आले नाहीत, ज्यांना नाही मिळाली तेही आले नाहीत. नोरीनबाई दाराशी हसल्या. "सांगत नव्हते मी?"

तेवढ्यात लियान आली. मेझीचं बोट धरून, नेहमीच्या जागी, नेहमीच्या भाराने.

नोरीनबाई तिच्यामागोमाग आल्या. "अगं, आता कशाला? निकाल लागला ना?"

"निकाल लागला हो," लियान म्हणाली. "पण गुडघ्यांना सवय लागली. आणि हिला पाखराला भेटायचं होतं."

"त्याला एकच पाय आहे," मेझी गंभीरपणे म्हणाली. "तरी पडत नाही."

"चहाला का थांबत नाहीस कधी?" नोरीनबाईंचा आवाज खाली आला होता.

"धोबीखान्याची बस. रविवारी तेवढी एकच असते."

नोरीनबाई मागच्या खोलीत गेल्या. फादर वेदीशी उभे राहून वाट बघत होते, तरी त्या घाईने आल्या नाहीत. आल्या त्या वाफाळता कप घेऊन. माझ्या जन्मात प्रार्थनेआधीचा चहा मी पहिल्यांदाच पाहिला.

"घे, नंतर तुला बस गाठायची असते, आत्ताच पिऊन टाक," त्या म्हणाल्या. "आणि बिस्किट बुडवून खा गं, नाहीतर दात पडतील."

ती जागा काही परत आली नाही. मेझी दूरच्याच शाळेत जाते. पण बसने नाही. नोरीनबाई रोज सकाळी आपल्या खडखडत्या गाडीतून तिला सोडतात, आणि लियानची पाळी टिकली आहे. एका दुपारी नोरीनबाईंनी तपकिरी लोकर आणली, मला मांडीवर घेतलं आणि पाखराचा राहिलेला पाय भरला. टाका जरा वाकडा आला आहे. मेझी म्हणते, आता ते चालेल.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी उशी दिसली तर दार अडवायला नेऊ नका. धूळ झटका, उसवलं असेल तिथे टाका घाला. आणि शेजारी कुणी गुडघे टेकलेलं दिसलं, तर ते कशासाठी आलंय हे वरून न्याहाळू नका. थोडं सरकून त्याला जागा द्या.